विसरलेली नळी

इस्पितळात आजाऱ्याला भेटायला गेलेला माणूस काय पाहतो? उशाशी टांगलेले सलाइन पाहतो, नाकातली नळी पाहतो, कपाळाला हात लावून ताप पाहतो. मोसंब्यांची पिशवी स्टुलावर ठेवून "आता चेहऱ्यावर तरतरी आली हं" असे म्हणतो. खाटेच्या कडेला खाली अडकवलेल्या दुसऱ्या पिशवीकडे मात्र त्याची नजर जात नाही; गेलीच तर ओशाळून परत फिरते. लघवीची गोष्ट चारचौघांत काढायची नाही, हा आपला संस्कार! तो केवढ्याला पडतो, हे मामांच्या आजारपणात मला कळले.

मामा ७८व्या वर्षी न्हाणीघरात पाय घसरून पडले आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया उत्तम झाली. त्या वेळी मूत्राशयात नळी घातली हे योग्यच होते. पण चौथ्या दिवशी मामा वॉकर धरून उभे राहू लागले, तरी नळी आपली होती तिथेच. मामींनी भीत भीत विचारले, "सिस्टर, ही अजून कशाला हो?"

"डॉक्टरांनी सांगितलं की काढू, आजी."

डॉक्टर येत, जखम पाहत, पाय हलवायला लावत आणि पुढच्या खाटेकडे वळत. आठव्या रात्री मामांना हुडहुडी भरून ताप आला आणि ते असंबद्ध बोलू लागले.

आमच्याच वाट्याला हे आले असे समजून मी कुरकुरत होतो. पुढे वाचनात आले, की सन २००० मध्ये डॉ. संजय सेंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील चार इस्पितळांतल्या डॉक्टरांना विचारले होते: तुमच्या रोग्यांपैकी नळी कोणाकोणाला आहे? नळी असलेल्या रोग्यांच्या बाबतीत शंभरांतून २८ वेळा डॉक्टरांना ते ठाऊकच नव्हते! त्यातही विद्यार्थी २१ वेळा चुकले, तर सर्वांत वरिष्ठ डॉक्टर ३८ वेळा. पदवी वाढते तसे खाटेखाली वाकणे कमी होत असावे.

वास्तविक या नळीचा इतिहास मायेचा आहे. विजेच्या प्रयोगांसाठी प्रसिद्ध असलेल्या बेंजामिन फ्रँकलिनचा भाऊ जॉन मूतखड्याने बेजार झाला होता. त्या काळच्या नळ्या ताठ, धातूच्या. घालताना रोग्याच्या डोळ्यांपुढे तारे चमकत. १७५२ साली फ्रँकलिन फिलाडेल्फियात एका चांदीकाम करणाऱ्याकडे गेला, लवचीक नळी कशी हवी ते सांगितले आणि ती पुरी होईपर्यंत तिथेच बसून राहिला. मग ती बॉस्टनला भावाकडे धाडली. एकोणिसाव्या शतकात रबर टिकाऊ करण्याची युक्ती सापडली आणि पॅरिसच्या नेलातॉं या शस्त्रवैद्याने मऊ रबरी नळी रूढ केली. नळीच्या वेष्टनावर १४, १६ असा जो आकडा असतो, तोही पॅरिसचाच. शारिएर नावाच्या हत्यारे बनवणाऱ्या कारागिराने हे माप घातले. आकड्याला तिनाने भागले की नळीची जाडी मिलिमीटरमध्ये मिळते.

पण रबरी नळी आत टिकेना! चिकटपट्टीने, फितीने बांधून ठेवावी लागे. १९३०च्या दशकात अमेरिकेतील डॉ. फ्रेडरिक फोली यांनी टोकाशी एक इवलासा फुगा बसवला. नळी आत गेल्यावर बाजूच्या बारीक मार्गाने फुग्यात पाणी भरायचे, की ती सुटून येत नाही. १९३६ साली पेटंट मात्र पॉल रायशी या दुसऱ्याच गृहस्थाला मिळाले. फोलींच्या पदरात पडले नुसते नाव. पण ते जगभरच्या इस्पितळांत रोज घेतले जाते. भ्रमात असलेला रोगी फुग्यातले पाणी न काढताच नळी ओढतो, तेव्हा रक्त येते. म्हणून मामींनी ती सारी रात्र त्यांचा हात धरून काढली.

फुग्याने नळी टिकवली, आणि ती विसरण्याचीही सोय करून ठेवली. पूर्वी नळीचे दुसरे टोक उघड्या बाटलीत सोडत; चारएक दिवसांत जवळजवळ प्रत्येकाच्या लघवीत जंतू सापडत. १९६६ साली क्यूनिन आणि मॅककॉर्मॅक यांनी बंद पिशवीच्या पद्धतीने हे पुष्कळ टळते असे दाखवले. टळते म्हणजे लांबते. आजही नळी असलेल्या प्रत्येक दिवशी शंभरांतल्या ३ ते ७ जणांच्या लघवीत नव्याने जंतू शिरतात. महिना उलटला की बहुतेक कोणी सुटत नाही. हे जंतू नळीच्या अंगाला बुळबुळीत थर धरून राहतात आणि औषध त्या थरात नीट पोचत नाही. तरी नुसते जंतू सापडले म्हणून औषधांचा मारा करायचा नसतो. ताप, थंडी, भ्रम असे काही दिसले तर गोष्ट वेगळी. पिशवी मूत्राशयाच्या खाली हवी पण जमिनीला टेकता कामा नये, आणि नळीचा सांधा उगाच सोडू नये, एवढे घरच्यांनाही सांभाळता येते.

ज्यांना नळीवाचून गत्यंतरच नाही, त्यांचे काय? कणा दुखावलेल्या कित्येकांना मिशिगनच्या डॉ. जॅक लॅपिडीस यांनी १९७२ साली निराळीच वाट दाखवली: नळी आत ठेवायचीच नाही! दर काही तासांनी रोग्याने स्वतः, साबणाने हात धुऊन, नळी घालायची, मूत्राशय रिकामे करायचे आणि काढून टाकायची. नळी निर्जंतुकसुद्धा नको, स्वच्छ पुरे. त्यांचे म्हणणे असे, की फार वेळ तुडुंब भरलेले मूत्राशय हे जंतूंपेक्षा घातक. अनेकांना ते भंपक वाटले. पण आज ती रीत सर्वत्र शिकवतात.

मामांची नळी नवव्या दिवशी निघाली. सिस्टरनी पिचकारीने फुग्यातले पाणी ओढून घेतले आणि दोन क्षणांत काम आटोपले. औषध सुरू झाले, ताप उतरू लागला. पण आता निराळीच काळजी. या वयात लघवी आपली आपण होईल का? झाली नाही तर पुन्हा नळी! दुपारचे दोन वाजले, चार वाजले. मामी दर अर्ध्या तासाने पेलाभर पाणी पुढे करीत आणि मामा वैतागत. सहाच्या सुमारास ते वॉकर घेऊन उठले आणि न्हाणीत गेले. मामी दाराशी कान देऊन उभ्या राहिल्या. वॉर्डातले भेटीला आलेले चारपाच लोकही गप्प झाले.

"झाली का हो?" मामींनी विचारले.

"झाली, झाली! गावभर दवंडी पिटा आता!" आतून मामा ओरडले.