जिभेचा ठोका

माउथ ऑर्गनवर एकेक सूर सुटा आणि स्वच्छ वाजू लागला की शिकणारा खूश होतो, आणि बरेच जण आयुष्यभर तिथेच थांबतात. खरी गंमत त्याच्या पुढे आहे, हे कित्येक वर्षं मी भेटेल त्याला सांगत आलो आहे. इथे पानं मोकळी मिळाली आहेत, तेव्हा सविस्तर सांगतो.

सुटा सूर काढायच्या दोन रीती आहेत. पहिली म्हणजे ओठांचा चंबू करून एकाच छिद्रावर फुंकायचं. दुसरी ‘टंग ब्लॉकिंग’. यात तोंड ऐसपैस उघडून चार छिद्रं एकदम ओठांत घ्यायची, डावीकडची तीन जिभेने झाकायची आणि ओठांच्या उजव्या कोपऱ्यातून चौथं वाजवायचं. सूर तोच निघतो. मग हा खटाटोप कशाला? कारण जीभ उचलता येते. उचलली की खालचे तिन्ही सूर बोलू लागतात, टेकवली की गप्प होतात. गाणं आणि गाण्याची साथ, दोन्ही एकाच तोंडातून निघतं.

वाद्याची रचनाच त्यासाठी आहे. पांढरी एकचा, म्हणजे ‘सी’ पट्टीचा, दहा छिद्रांचा साधा माउथ ऑर्गन घ्या. पहिल्या चार छिद्रांत फुंकलं तर सा ग प सा, श्वास आत ओढला तर रे प नी रे. म्हणजे फुंकताना षड्जाची स्वरसंगती, ओढताना पंचमाची. या सोयीपायी खालच्या सप्तकातले मध्यम आणि धैवत चक्क गाळलेले आहेत. सुटे सूर वाजवणाऱ्याला ही उणीव वाटते. जिभेने वाजवणाऱ्याला मात्र कळतं की ही जागा साथीसाठी राखून ठेवली आहे.

इतिहास थोडक्यात आटोपतो. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मध्य युरोपात हे वाद्य घडलं. माथियास होनर यांनी 1857 मध्ये जर्मनीतल्या ट्रॉसिंगन गावी कारखाना काढला, 1896 मध्ये ‘मरीन बँड’ हे मॉडेल आलं आणि ते अमेरिकेत घरोघरी पोचलं. ट्रॉसिंगनचं हार्मोनिका संग्रहालय मी पाहून आलो आहे. गाव लहान, संग्रहालयही आटोपशीर. पण काचेमागच्या त्या रांगांपुढून माझा पाय निघेना. जर्मन मंडळी या वाद्यावर वॉल्ट्झ नि लोकगीतं वाजवत, तीही जिभेने ताल धरत. ही कला मुळात तिकडची.

आता माझ्या आवडीच्या गोष्टीकडे येतो. इंग्रजीत तिला ‘टंग स्लॅप’ म्हणतात. मी जिभेचा ठोका म्हणतो. चौथ्या छिद्राचा सा वाजवायचा आहे. जीभ मागे ठेवूनच फुंक सुरू करा. सा ग प सा, चारही सूर उमटतील. लगेच जीभ पहिल्या तीन छिद्रांवर टेकवा. वरचा सा तेवढा उरेल. हे सावकाश केलं तर दोन वेगळ्या घटना ऐकू येतात, आधी झुबका आणि मग सूर. दोन्हींमधलं अंतर कमी करत नेलं की झुबका वेगळा ऐकू येत नाही, फक्त सूर वजन घेऊन पडतो. पाचव्या-सहाव्या छिद्रांवर ओढताना खालचे सूर मुख्य सुराशी फारसे जुळत नाहीत; सहाव्याचा ध घेताना खाली नी रे म येतात. तरीही ठोका चालून जातो, कारण ते क्षणभरच वाजतात. उलट क्रियाही आहे. सूर संपता संपता जीभ उचलायची, म्हणजे शेवटी स्वरसंगती फुलते.

ठोका जमला की सप्तकाच्या जोड्या. तोंडात चार छिद्रं, जीभ मधल्या दोनांवर, दोन्ही कोपरे उघडे. पहिलं आणि चौथं फुंकलं की खर्जातला आणि मधला सा एकत्र. फुंकताना हे अंतर सगळीकडे तेवढंच राहतं. ओढताना पहिल्या-चौथ्यावर रे-रे जुळतात, पण पुढे गणित बदलतं. निषादाची जोडी तिसऱ्या आणि सातव्यावर आहे, म्हणजे मधली तीन छिद्रं झाकावी लागतात. जिभेची रुंदी श्वासागणिक बदलायची ही कसरत आहे. तिला महिने जातात आणि ते सत्कारणी लागतात.

आपल्या कानाला विशेष भावेल अशी एक गोष्ट. जुने मरीन बँड आजच्या हार्मोनियमसारखे समान अंतरांच्या सुरांत लावलेले नसत. स्वरसंगती गोड लागावी म्हणून त्यांतला गंधार सुमारे 14 सेंट उतरवलेला असे. सेंट म्हणजे लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग. तंबोरा नीट जुळला की खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, तोच हा. असा जुना माउथ ऑर्गन हाती आला तर पहिली तीन छिद्रं एकदम फुंकून पाहा. सूर एकमेकांत मिसळून जातात, थरथर उरत नाही. जिभेची साथ ज्यांनी मनात धरली होती त्यांनीच हे सूर असे लावले, याबद्दल मला शंका नाही.

ही युरोपी कला शिकागोच्या कृष्णवर्णीय वादकांनी कुठल्या कुठे नेली. लिटल वॉल्टर हे त्यातलं सर्वांत मोठं नाव. ‘जूक’ ही त्याची वाद्यरचना 12 मे 1952 रोजी ध्वनिमुद्रित झाली आणि बिलबोर्डच्या ऱ्हिदम अँड ब्लूज यादीत आठ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली. वाद्य पांढरी सहाचं, गाणं पांढरी तीनमध्ये. फुंकण्यापेक्षा ओढण्याच्या सुरांवर घर बांधायची ही ब्लूजची चाल. मायक्रोफोन ओंजळीत धरून तो सॅक्सोफोनएवढा भरघोस आवाज काढतो. त्याचं श्रेय लोक ॲम्प्लिफायरला देतात. माझ्या मते निम्मं श्रेय जिभेचं. ‘जूक’ ऐकताना सुरांच्या सुरुवातीकडे कान द्या, ठोके सापडतील. हा माणूस 1968 मध्ये अवघ्या 37 व्या वर्षी गेला.

आता रियाज. शेजारची एक मुलगी माझ्याकडे शिकायला येते. पहिल्याच आठवड्यात तिची तक्रार आली, “काका, लाळ फार सुटते, आणि सूर फुटतो.” पाहिलं तर जीभ छिद्रांत घुसेल इतकी दाबलेली, ओठ आवळलेले. मी म्हटलं, “जीभ दाबू नकोस, नुसती टेकव. टोक थोडं खाली, वरचा रुंद भाग वाद्यावर. आणि ओठ रायवळ आंबा चोखताना असतात तसे सैल ठेव.” तिने जबडा खाली सोडला आणि चौथा सा एकदम मोकळा झाला. नव्याण्णव टक्के अडचणी अशा ताणातून येतात.

क्रम असा ठेवावा. आधी चौथ्या ते सातव्या छिद्रांवर फक्त फुंक-ओढ, सूर स्वच्छ होईपर्यंत. मग त्याच सुरांवर ठोका. मग तीन मात्रांचं एखादं सोपं गाणं घ्यावं. पहिल्या मात्रेला सूर, दुसरी-तिसरीला जीभ उचलून साथ. मेट्रोनोम साठवर ठेवावा आणि घाई करू नये. मींड सर्वांत शेवटी. जीभ पुढे टेकलेलीच ठेवून तिच्या मुळाशी हालचाल केली की दुसऱ्या छिद्राचा ओढलेला प उतरत उतरत मध्यमापर्यंत येतो, आणि तिसऱ्याच्या नीमधून धैवत निघतो. वर म्हटलेले गाळलेले दोन सूर असे परत मिळतात.

आपल्याकडे या वाद्यावर जीव टाकणारे खूप आहेत. ‘सोलवा साल’ (1958) मधल्या ‘है अपना दिल तो आवारा’मध्ये राहुलदेव बर्मन यांनी वाजवलेला माउथ ऑर्गन ऐकून किती जणांनी तो विकत घेतला असेल! पण आपण बहुतेक सगळे चाल वाजवतो आणि थांबतो. शिकवणाऱ्यांनाही चंबू सोपा वाटतो म्हणून तो आधी आणि जीभ ‘पुढे कधीतरी’. हे उलट व्हायला हवं. चंबूची सवय पक्की झाली की जीभ आणणं दुप्पट अवघड जातं. तेव्हा घरात माउथ ऑर्गन पडून असेल तर या दिवाळीत बाहेर काढा, चार छिद्रं तोंडात घ्या आणि सुरुवात जिभेपासूनच करा. रोज वीस मिनिटं पुरेत.