मेंदूची सारवण

रेट सिंड्रोम या मुलींना होणाऱ्या मेंदूच्या आजारावरच्या जनुकोपचाराची बातमी कुठे छापून आली की पालकांचा डॉक्टरांना एक प्रश्न ठरलेला असतो: मुलगी आठ-दहा वर्षांची झाली, आता उशीर झाला का? मेंदू लहानपणी एकदाच घडतो, तेव्हा जे जुळलं नाही किंवा जुळून तुटलं ते कायमचं गेलं, अशी समजूत या प्रश्नामागे असते. ‘पहिल्या तीन वर्षांत मेंदू घडतो’ हे वाक्य खेळण्यांच्या खोक्यांपासून बालवाड्यांच्या फलकांपर्यंत सगळीकडे विकायला ठेवलेलं असताना पालकांना दोष तरी कसा द्यायचा?

समजुतीला आधार नाही असं नाही. शिकागो विद्यापीठातले बालमेंदूतज्ज्ञ पीटर हटनलॉकर शवविच्छेदनातून मिळालेल्या मेंदूंचे काप इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून सिनॅप्स, म्हणजे चेतापेशींमधल्या जोडण्या, मोजत बसले. कंटाळवाणं, डोळे दुखवणारं काम. नवजात बाळापासून नव्वदीतल्या माणसापर्यंत २१ मेंदूंचा हिशेब त्यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केला. कपाळामागच्या भागात एक-दोन वर्षांच्या मुलाचे सिनॅप्स प्रौढांपेक्षा सुमारे ५० टक्के जास्त दाट निघाले, आणि साधारण सोळाव्या वर्षापर्यंत ती दाटी ओसरत गेली. मोठं होणं म्हणजे जोडण्या गमावणंही असतं, हे एवढ्या स्पष्टपणे तोवर कुणी मोजून दाखवलं नव्हतं.

जोडण्यांच्या छाटणीची ही कल्पना इतकी चटकदार, की पुढे एकेक विकार तिच्या जमाखर्चात बसवला जाऊ लागला. छाटणी कमी पडली तर स्वमग्नता, जास्त झाली तर स्किझोफ्रेनिया. पुरावेही मिळाले. २०१४ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या गटाने दाखवलं, की पौगंडावस्था सरेपर्यंत इतर मुलांमध्ये या जोडण्यांची दाटी निम्म्याने घटते, स्वमग्न मुलांमध्ये मात्र १६ टक्केच. पण तपासलेले मेंदू होते जेमतेम पन्नास, तेही एकाच भागाचे, आणि स्वमग्नता हा काही एकच आजार नव्हे. हिशेब जरा जास्तच नेटका आहे. रेट सिंड्रोम तर त्याच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही.

व्हिएन्नातले बालरोगतज्ज्ञ आंद्रेआस रेट यांना १९५४ मध्ये दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत दोन मुली दिसल्या. एकमेकींना न ओळखणाऱ्या, आपापल्या आईच्या मांडीवर बसलेल्या, आणि दोघीही हात धुतल्यासारखे सारखे चोळत होत्या. जुन्या नोंदी चाळल्यावर तशाच आणखी मुली सापडल्या. सहा ते अठरा महिन्यांपर्यंत सगळं ठीक. मग आलेले शब्द जातात, हातात वस्तू धरणं सुटतं, चाल अडखळते. रेट यांनी या मुलींच्या फिल्म काढल्या आणि युरोपभर दाखवत फिरले. १९६६ मध्ये निबंध लिहिला, पण तो जर्मन भाषेत आणि रक्तातल्या अमोनियावर बोट ठेवणारा. अमोनियाचा धागा चुकीचा निघाला आणि निबंध कपाटात पडून राहिला. १९८३ मध्ये स्वीडनचे बेंग्ट हागबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्रजीत अशा ३५ मुलींची माहिती छापली तेव्हा कुठे जगाला हा आजार दिसला. हागबर्ग स्वतः बरीच वर्षं असे रुग्ण पाहत होते, तरी त्यांनी आजाराला नाव रेट यांचंच दिलं. विज्ञानात असा दिलदारपणा नेहमी पाहायला मिळत नाही.

हागबर्ग यांचा निबंध वाचणाऱ्यांत ह्युस्टनमधल्या एक तरुण डॉक्टर होत्या. हुदा झोग्बी. बैरुतमध्ये वैद्यकीय शिक्षण सुरू असताना यादवी युद्धामुळे त्यांना अमेरिकेत यावं लागलं होतं. निबंध छापून आला त्याच वर्षी अशी एक मुलगी त्यांच्यासमोर आली आणि त्यांनी जनुक शोधायचं मनावर घेतलं. एका घरात दुसरी मुलगी जवळपास कधीच आजारी नसायची, त्यामुळे हा जनुकीय आजार असेल यावरच अनेकांचा विश्वास नव्हता. १६ वर्षं गेली. १९९९ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेतल्या रूथी आमिर यांना एक्स गुणसूत्रावरच्या ‘एमईसीपी२’ या जनुकात बिघाड सापडला. गंमत अशी, की या जनुकाचं प्रथिन एड्रियन बर्ड यांच्या गटाने १९९२ मध्येच ओळखलं होतं, तेही डीएनएवरच्या मिथाइल खुणांचा अभ्यास करताना. मेंदूचा विषयही त्यात नव्हता.

शवविच्छेदनांत आणखी एक गोष्ट दिसली होती. या मुलींचे मेंदू लहान असतात, पण चेतापेशी मेलेल्या नसतात. त्या आकाराने लहान, दाटीवाटीने बसलेल्या, फांद्या विरळ आणि त्यांवरच्या सिनॅप्सच्या जागा कमी, एवढंच. पेशी जिवंत असेल तर तिला पुन्हा उभारी येईल का?

एडिंबरात बर्ड यांच्या प्रयोगशाळेतल्या जॅकी गाय यांनी याचं उत्तर काढलं, आणि त्यांचं नाव बातम्यांत बर्ड यांच्याइतकं यायला हवं होतं. त्यांनी उंदरांमध्ये हे जनुक बंद करून ठेवलं, पण टॅमॉक्सिफेन हे औषध दिलं की ते चालू होईल अशी कळ बसवली. जनुक झपाट्याने चालू केल्यावर बरेच उंदीर दगावले. औषध बेताबेताने दिल्यावर मात्र थरथरणारे, अडखळणारे, मरणाच्या दारातले प्रौढ उंदीर पुन्हा नीट चालू लागले. निकाल २००७ मध्ये छापून आला. २०११ मध्ये झोग्बींच्या गटाने उलटा प्रयोग केला: निरोगी वाढलेल्या प्रौढ उंदरांमधलं जनुक काढून टाकलं. त्यांना तोच आजार झाला. पुढच्या वर्षी दुसऱ्या एका गटाला अशा उंदरांचे मेंदू आकसलेले आणि चेतापेशींच्या फांद्या विरळ झालेल्या आढळल्या.

मातीची जमीन घर बांधताना एकदा चोपून घेतली म्हणजे काम संपत नाही. ती दर आठ-पंधरा दिवसांनी सारवावी लागते, नाहीतर पोपडे धरतात. खालची भुई मात्र शाबूत असते. मेंदूतल्या जोडण्यांची तशी सारवण जन्मभर चालू असते आणि एमईसीपी२ तिच्यातला एक राबता हात आहे. रेटच्या मुलींमध्ये जमीन खचलेली नसते.

म्हणून पालकांनी उद्याच्या उद्या आशा धरावी का? इथे जरा थांबायला हवं. उंदीर बरे झाले आणि माणसं झाली नाहीत, हे या क्षेत्राने पाहिलं आहे. फ्रॅजाइल एक्स सिंड्रोम या दुसऱ्या जनुकीय विकारावर उंदरांमध्ये झकास चाललेली औषधं माणसांवरच्या चाचण्यांत अपयशी ठरली. रेटवरचं पहिलं औषध, ट्रोफिनेटाइड, अमेरिकेत मार्च २०२३ मध्ये मंजूर झालं. त्याचा मोठा गाजावाजा झाला, पण ते मूळ बिघाडाला हात लावत नाही, लाभ माफक, आणि चाचणीत ते घेणाऱ्या पाचातल्या चार जणींना जुलाब झाले.

जनुक बाहेरून पोचवायचं तर खरी अडचण मात्रेची. हे प्रथिन दुप्पट झालं तरी वेगळा गंभीर आजार होतो. मुख्यतः मुलग्यांमध्ये तो आढळतो. त्यामुळे आता चाचण्यांत असलेल्या उपचारांमध्ये जनुकाबरोबर त्याला आवर घालणारी यंत्रणाही जोडलेली असते. तरीही नोव्हेंबर २०२४ मध्ये एका चाचणीत वरची मात्रा मिळालेली रुग्ण दगावली आणि ती मात्रा बंद करावी लागली.

दुसरी वाट मुलींच्या शरीरातूनच जाते. त्यांच्याकडे एक्स गुणसूत्रं दोन असतात आणि प्रत्येक पेशी त्यांपैकी एक गप्प करते. म्हणजे बिघडलेलं जनुक वापरणाऱ्या प्रत्येक चेतापेशीत त्याची चांगली प्रत मिटलेल्या गुणसूत्रावर पडून असते. तेवढी एक प्रत जागी करायची आणि बाकीचं गुणसूत्र निजलेलंच ठेवायचं, यावर काही प्रयोगशाळा सध्या खपत आहेत.