शिरूर कासार ते हरिहरेश्वर : चाकावरचं बिऱ्हाड आणि भरतीचं गणित

परदेशी सिनेमात एक मोठी गाडी दिसते. आत पलंग, ओटा, बेसिन, संडास-बाथरूम सगळं! कुटुंब समुद्रकाठच्या पार्कात गाडी लावतं, पाणी-विजेची जोडणी घेतं आणि चार दिवस तिथंच राहतं. आपल्याकडेही महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केलं. पण हॉस्टेलच्या खिशाला ती गाडी परवडायची कशी? म्हणून हा लेख. गाडी भाड्याची टेम्पो ट्रॅव्हलर, सोबत तंबू, सुरुवात आमच्या शिरूर कासारहून आणि मुक्काम रायगड जिल्ह्यातल्या हरिहरेश्वरला!

बिऱ्हाड आपल्याला नवीन नाही

आमच्या तालुक्यातली कितीतरी घरं दिवाळीच्या आगेमागे अख्खा संसार गाडीत भरून ऊसतोडीला जातात. ती हौस नव्हे, पोटाची वाट आहे. आषाढीला दिंडीचा ट्रक तंबू आणि स्वयंपाकाचं सामान घेऊन पुढच्या मुक्कामी जातो. म्हणजे कमी जागेत काय न्यायचं, काय सोडायचं हे आपल्या आया-आज्यांना कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त कळतं. यादी करताना आधी त्यांना विचारा.

पाणी, जेवण, वजन

ड्रायव्हर धरून १२ जण. पिण्यापुरतं माणशी रोज ४ लिटर धरलं तर दोन दिवसांचे ९६ लिटर, म्हणजे २० लिटरचे ५ जार. वजन जवळपास १०० किलो! हे जार टपावर ठेवायचे नाहीत, खाली सीटमध्ये बांधायचे. टपावर वजन गेलं की गाडीचा गुरुत्वमध्य वर सरकतो आणि घाटातल्या वळणावर गाडी कलंडायची भीती वाढते. मेकॅनिकलवाल्यांना हे सांगायला नको!

गॅस सिलिंडर प्रवासी गाडीत अजिबात नको. पहिल्या दिवसाला धपाटे, शेंगदाण्याची चटणी, ठेचा पुरतो. पुढे कोकणात घरगुती खानावळी आहेतच.

रस्ता

शिरूर कासार, पाथर्डी, अहिल्यानगर, पुणे, ताम्हिणी घाट, माणगाव, म्हसळा, हरिहरेश्वर. अंतर अंदाजे चारशे किलोमीटर. वाटेत पुणे जिल्ह्यातलं शिरूर लागतं, तेव्हा "शिरूर आलं" म्हणून कुणी उठवलं तर घाबरू नका, ते घोडनदीचं शिरूर!

पहाटे ४ ला निघालात तर दुपारी ३ च्या सुमाराला पोचाल आणि ताम्हिणी उजेडात पार होईल. हिवाळ्यात अंधारात उसाच्या ट्रॉल्यांपासून सावध राहा, कित्येकांना मागे दिवा नसतो. आणि ड्रायव्हरदादांना रात्री पूर्ण झोप द्या. पत्त्यांच्या डावाला त्यांना बसवू नका!

आता मुख्य गणित

सहलीची तारीख आपण सुट्टी बघून ठरवतो. समुद्राकाठी ती तिथी बघूनही ठरवावी. कोकणातला जुना हिशेब असा : तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. दशमी असेल तर १० ची पाऊणपट साडेसात. म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला भरती. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, मोजणी प्रतिपदेपासूनच.

हे जमतं कसं? चंद्र पृथ्वीभोवती पुढे सरकत असल्यामुळे भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा येते. पाऊणपट म्हणजे तिथीमागे ४५ मिनिटं. तोंडी हिशेबाला सोपं, पण थोडी चूक राहतेच. म्हणून तासाभराचा फरक धरून चालावं. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य-चंद्राची ओढ एका रेषेत येते, तेव्हा उधाण. अष्टमीच्या आसपास ती काटकोनात, तेव्हा भांग, म्हणजे पाण्याचा चढ-उतार कमी.

समजा तुम्ही दशमीला ३ वाजता पोचलात. दीडच्या ओहोटीनं पाणी लांब गेलेलं, समोर मोकळी, सपाट वाळू. वाटतं, इथंच तंबू ठोकावा, गाडीही खाली घ्यावी! साडेसातला तीच जागा पाण्याखाली असते आणि ओल्या वाळूत रुतलेलं चाक निघत नाही. म्हणून वाळूवर शेवाळ, काटक्या, करवंट्यांची जी रेघ दिसते तिच्या बऱ्याच वर, गावकऱ्यांना विचारून, परवानगीच्या जागीच मुक्काम करा. गाडी रस्त्यावरच राहू द्या.

हरिहरेश्वराची प्रदक्षिणा खडकांवरून, समुद्राला लागून जाते. ती फक्त ओहोटीला करायची. एकादशीला भरती सव्वाआठला, ओहोटी सव्वादोनला. म्हणजे साधारण एकला निघावं, पाणी फिरायच्या आत परत यावं. पण शेवटचा शब्द गावकऱ्यांचा. ते "आज नको" म्हणाले तर नको!

विहीर वेगळी, समुद्र वेगळा

आपण विहिरीत मुटके मारत पोहायला शिकलो. सिंदफणेच्या डोहात पोहलो. त्यामुळे वाटतं, आपल्याला काय होतंय! पण विहिरीचं पाणी जागेवर असतं, काठ चार हातांवर असतो. समुद्राचं पाणी माणसाला ओढून नेतं, आणि पट्टीचा पोहणारासुद्धा त्याच्याशी झुंजून दमतो. १ फेब्रुवारी २०१६ रोजी याच रायगड जिल्ह्यातल्या मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले दहाहून जास्त कॉलेज विद्यार्थी बुडून गेले. तीही आपल्यासारखीच, हसत-खेळत निघालेली पोरं होती.

म्हणून नियम तीन. ओहोटी चालू असताना पाण्यात उतरायचं नाही. एरवीही गुडघ्याच्या वर पाणी नको. आणि दर तासाला डोकी मोजायची, त्यासाठी एकजण कायम काठावर, पाळीपाळीनं. ओढीत सापडलाच कुणी, तर त्यानं काठाकडे झुंजू नये, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला सरकावं. बाकीच्यांनी मागोमाग उड्या टाकू नयेत, दोर किंवा रिकामा जार फेकावा. पाण्याचे जार असे दोनदा कामाला येतात!

रेक्टर सरांकडे परवानगीचा अर्ज नेताना सोबत नावांची यादी, घरचे फोन नंबर आणि तीन दिवसांचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक जोडा. सर लगेच सही करतील असं नाही, पण निदान अर्ज शेवटपर्यंत वाचतील.

चला तर, कालनिर्णय काढा भिंतीवरून! आणि हो, मासे खायचे असतील तर एकादशी टाळा किंवा द्वादशीपर्यंत दम धरा!