दुसरा घास

१९३१ साली अमेरिकेतल्या केंटकी राज्यात, मेनिफी काउंटीतल्या एका डोंगरउतारावर, केंटकी विद्यापीठाचे ई. एन. फर्गस यांना एक गवत दिसलं. चढावर घट्ट मूळ धरलेलं आणि थंडीतही हिरवं राहणारं. त्यांनी त्याचं बी नेऊन चाचण्या घेतल्या आणि १९४३मध्ये ‘केंटकी-३१’ या नावानं ते शेतकऱ्यांच्या हाती आलं. टॉल फेस्क्यू जातीच्या या गवतानं पुढे सुमारे साडेतीन कोटी एकर रान व्यापलं. मांसासाठी पाळलेल्या गुरांचे मोठाले कळप त्यावर पोसले जातात. गुरांना मात्र, विशेषतः उन्हाळ्यात, ते नकोसं असतं. नावडतं गवत इतकं कसं फोफावलं?

आधी गाय चरते कशी ते पाहू. तिच्या वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, नुसती टणक हिरडी असते. जिभेचा विळा करून ती गवताचा झुबका ओढते, खालच्या दातांनी हिरडीवर दाबते आणि मानेला हिसडा देऊन तोडते. शेळी पान न् पान वेचते. गाईला तेवढं जमत नाही, म्हणून ती जागा निवडते. कुठे थांबायचं आणि काय ओलांडून जायचं, हे तिचं पक्कं असतं. देठाआधी पान, वाळक्याआधी हिरवं, जुन्याआधी कोवळं. शेणाच्या पोवाभोवतीचं गवत कितीही तरारलेलं असो, तिथे ती तोंड लावत नाही.

ही निवड फक्त जिभेची नाही. यूटा राज्य विद्यापीठातल्या फ्रेड प्रोवेन्झा यांनी दाखवलं, की जनावर पोटाकडून शिकतं. खाल्लेलं मानवलं तर ती चव आवडीची होते, मळमळलं तर नावडती. वासरू पहिले धडे आईशेजारी चरताना घेतं.

फेस्क्यूविषयी पोटाची तक्रार खरी होती. त्यावरच्या गुरांची वजनं वाढेनात. उन्हाळ्यात ती तळ्यात जाऊन उभी राहत, अंगावरचे हिवाळी केस झडत नसत. थंडीत काहींचे खूर आणि शेपटीचे शेंडेही गळत. १९७७मध्ये जॉर्जियातल्या संशोधकांनी या त्रासाचा संबंध गवताच्या आत राहणाऱ्या, बाहेरून न दिसणाऱ्या बुरशीशी जोडला. तिची विषद्रव्यं रक्तवाहिन्या आक्रसवतात, त्यामुळे अंगातली उष्णता बाहेर पडत नाही. गवताला मात्र हीच बुरशी दुष्काळ आणि किडी सोसायचं बळ देते.

आता गवताची बाजू. त्याचा वाढता कोंब जमिनीलगत दडलेला असतो आणि पान बुडाकडून वाढतं, त्यामुळे वरचा भाग खाल्ला तरी खालून नवा सरकत येतो. फुलोऱ्यासाठी दांडा चढू लागला की कोंबही वर येतो. तो घासात गेला तर ती काडी संपली, मग बुडातल्या डोळ्यांतून नवे फुटवे यावे लागतात. त्यासाठीची शिदोरी उरलेल्या पानांतून येते, ती अपुरी पडली तर साठ्यातून. फेस्क्यूचा साठा खोडाच्या बुडाशी असतो, लसूणघासाचा मुळात, पांढऱ्या क्लोव्हर या चाऱ्याचा जमिनीवर सरपटणाऱ्या खोडात.

एका वेळी किती पाला जाऊ द्यायचा, याचं उत्तर अमेरिकी संशोधक फ्रँकलिन क्रायडर यांच्या १९५५मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत आहे. पाल्याचा निम्म्याहून कमी भाग कापला तर मुळांची वाढ चालू राहिली. ८० टक्के कापला तेव्हा ती काही दिवस साफ थांबली.

इथेच निवड आणि फुटवा यांची गाठ पडते. साठा खर्चून वर आलेलं कोवळं पान गाईला सगळ्यांत प्रिय, म्हणून ती त्याच जागी परत येते. पहिला घास गवत सोसतं, हा दुसरा त्याला मारतो. नॉर्मंडीतले शेतकरी-संशोधक आंद्रे व्वाझँ यांनी १९५७च्या आपल्या पुस्तकात हेच मांडलं: अतिचराई गुरांच्या संख्येपेक्षा वेळेवर ठरते. शंभर गुरं दोन दिवस चरून पुढे गेली तर रान सावरतं. मोजकी गुरं महिनोन् महिने तिथेच राहिली तर त्यांच्या आवडीची रोपं मरतात.

केंटकीसारख्या कुरणांत नेमकं हेच होतं. मोकळी सोडलेली गुरं क्लोव्हर आणि ऑर्चर्ड गवत पुन्हा पुन्हा ओरबाडतात आणि उन्हाळ्यात फेस्क्यूला बगल देतात. आवडतं थकतं, नावडत्याला विसावा मिळतो आणि मोकळी जागाही. गाय आपल्या निवडीनंच आपलं ताट बिघडवते.

उपाय त्यामुळे दोन्हीकडून करावे लागतात. तारेनं कुरणाचे तुकडे करून गुरं फिरवायची, बुडाशी तीन-चार इंच पाला राखायचा आणि काही आठवड्यांनी परत आणायची. वसंतात गवत लवकर सावरतं, कडक उन्हाळ्यात विसावा लांबवावा लागतो. क्लोव्हर पेरलं की विषाचं प्रमाण घासागणिक घटतं. विष फेस्क्यूच्या बियांत सर्वाधिक असल्यानं तुरे आधीच छाटले जातात. शरदात राखलेलं फेस्क्यू दहिवरानंतर गोड होतं, विषही हळूहळू उतरतं आणि हिवाळ्यात गुरं तेच आवडीनं खातात. निरुपद्रवी बुरशीचे फेस्क्यूचे वाणही आता मिळतात, पण जुनं रान मोडून नवं पेरणं खर्चाचं आहे.

दख्खनच्या माळाला हे गणित नवं नाही. मारवेल आणि शेडा गुरांच्या आवडीचे. सततच्या चराईनं ते विरळ झाले की कुसळी पसरते आणि तिची कुसळं पिकली की गुरं तिला तोंड लावत नाहीत. हिवरे बाजार गावानं मोकाट चराई बंद करून गवत कापून न्यायची पद्धत लावली, त्यामागचा हिशोबही हाच. गवताला सावरायला पुरेसे दिवस द्यायचे, कारण गाय स्वतःहून ते देणार नाही.