छापले म्हणजे खरे?

मी राहतो त्या ईडन प्रेरीपासून मिनेसोटा विद्यापीठ मोटारीने जेमतेम अर्ध्या तासावर आहे. तेथील संशोधकांचा अल्झायमरवरील एक निबंध २००६ साली 'नेचर' या अग्रगण्य शोधपत्रिकेत प्रसिद्ध झाला. उंदरांच्या मेंदूत सापडलेल्या एका विशिष्ट प्रथिनामुळे स्मरणशक्ती ढासळते, असा त्याचा निष्कर्ष होता. पुढे दोन हजारांहून अधिक निबंधांनी त्याचा हवाला दिला. २०२२ साली 'सायन्स' साप्ताहिकाने त्यातील चित्रांविषयीचा संशय सविस्तर मांडला. जून २०२४ मध्ये 'नेचर'ने निबंध मागे घेतला. चित्रांत जोडकाम आणि खाडाखोड दिसते, एकच भाग पुन्हा वापरलेला दिसतो, हे त्याचे कारण. अल्झायमरचे सारे संशोधन या एका निबंधावर उभे नव्हते, हे खरे. पण मधे अठरा वर्षे गेली. ज्यांच्या घरी आई किंवा वडील आपल्याच मुलांची नावे विसरू लागले आहेत, त्यांना अठरा वर्षांचे मोल सांगायला नको.

एवढ्या नावाजलेल्या पत्रिकेच्या चाळणीतून हे सुटले कसे? त्यासाठी ती चाळणी समजून घ्यायला हवी. निबंध आला की संपादक तो त्या विषयातील दोन-तीन जाणकारांकडे पाठवतात. हे परीक्षक बहुधा बिनमोबदला, आपले काम सांभाळून वाचन करतात. आम्ही सॉफ्टवेअरवाले सहकाऱ्याचा प्रोग्राम तपासताना तो चालवून पाहू शकतो. निबंधाच्या परीक्षकाला प्रयोगशाळेत जाऊन प्रयोग करून पाहता येत नाही. पद्धत योग्य आहे का, निष्कर्ष आकड्यांतून निघतो का, एवढे तो पाहतो. आकडे आणि चित्रे खरी आहेत, हे तो गृहीत धरतो. म्हणजे सारी इमारत लेखकाच्या सचोटीवर उभी.

ती सचोटी जपण्यासाठी नियम आहेत. १९९७ साली ब्रिटनमधील काही वैद्यकीय संपादकांनी 'कोप' ही प्रकाशन-नीतिविषयक समिती स्थापन केली. एकच निबंध एकाच वेळी दोन ठिकाणी पाठवू नये, काम न करणाऱ्याचे नाव लेखकांत घालू नये, आर्थिक हितसंबंध जाहीर करावेत, सदोष निबंध कारण देऊन मागे घ्यावा, असे संकेत आज सर्वत्र मान्य आहेत. पण निबंधांच्या संख्येवर नोकरी आणि बढती ठरू लागली की संकेतांना वाटा फुटतात.

याचे उदाहरण आपल्या पुण्यातच मिळते. विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्य पत्रिकांची यादी केली होती; त्यातील अनेक नावे विद्यापीठांच्याच शिफारशीवरून आली होती. पुणे विद्यापीठाचे डॉ. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी अशा १००९ पत्रिका तपासल्या. मार्च २०१८ च्या 'करंट सायन्स'मध्ये त्यांनी लिहिले की सुमारे ८८ टक्के पत्रिका निकृष्ट असाव्यात. कुठे पत्ता वा संपादकांची नावेच नव्हती, कुठे दर्जाविषयीचे दावे खोटे होते. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने ४,३०५ पत्रिका यादीतून काढल्या. २०१९ मध्ये 'केअर' ही नवी यादी आली. २०२५ मध्ये आयोगाने तीही बंद केली आणि पारख करण्याचे काम संस्थांवर सोपवले.

यादी असो वा मोठे नाव, दोन्ही शेवटी उसना विश्वासच. मग आपण काय पाहावे? पैसे घेणे हा गुन्हा नाही. अनेक प्रामाणिक पत्रिकाही शुल्क आकारतात, कारण त्यांचे निबंध वाचकाला फुकट मिळतात. पण चार दिवसांत स्वीकृतीची हमी देणाऱ्यापासून दूर राहावे. संपादक खरोखर कोण आहेत, ते आपले नाव तिथे असल्याचे मान्य करतात का, हे विचारावे. आणि मुख्य म्हणजे, ही पत्रिका आपल्या चुका उघडपणे दुरुस्त करते का ते बघावे. एकही निबंध कधी मागे न घेणारी जुनी, मोठी पत्रिका पाहिली की मला कौतुकाऐवजी शंकाच येते.

कॉलेज-प्रवेशासाठी हायस्कूलच्या मुलांचे निबंध पैसे घेऊन छापून आणणारी मंडळीही आता या देशात दुकान मांडून बसली आहेत. चेक लिहिण्यापूर्वी आपल्या मुलाला एवढेच विचारा: यातला प्रयोग तू केलास का, आणि उद्या कोणी आकडे मागितले तर दाखवशील का?