मासा पकडला, आणि सोडूनही दिला

स्पेनमध्ये एब्रो नदीकाठी मेकिनेन्सा नावाचं छोटंसं गाव आहे. जर्मनी-इंग्लंडचे हौशी गळवाले तिथे वेल्स कॅटफिशसाठी येतात. हा मासा दोन मीटरच्या पुढे जातो; इटलीतल्या पो नदीत २०२३ साली गळाला लागलेला तर २८५ सेंटिमीटर भरला. आपल्याकडचा शिवडा याच कुळातला. अंगावर खवले नाहीत, तोंड फावड्यासारखं रुंद, वरच्या जबड्याला दोन लांब मिशा, खाली चार आखूड. जबड्यांवर बारीक दातांचे पट्टे असतात. हातमोजा न घालता धरलं तर साल निघालीच म्हणून समजा.

एब्रो त्याचं माहेर नव्हे. तो मूळचा डॅन्यूबसारख्या मध्य आणि पूर्व युरोपातल्या नद्यांचा. १९७४ साली रोलंड लोर्कोव्स्की या जर्मन जीवशास्त्रज्ञाने मेकिनेन्साजवळ त्याची पिल्लं सोडली. धरणांनी नदी अडवून संथ, उबदार केलेलीच होती. मासा माजला.

त्याला तळातून वर बोलावायला गळवाले ‘क्लॉन्क’ नावाचं वाकडं लाकूड पाण्यावर आपटतात. ‘बुडुक’ असा आवाज होतो. या माशाचं वाताशय छोट्या हाडांच्या साखळीने कानाशी जोडलेलं असल्यामुळे तो ऐकायला तिखट असतो.

अक्कल तर त्याहून तिखट. फ्रान्समध्ये आल्बी गावी तार्न नदीत तो १९८३ साली आणला गेला. तिथे खडीच्या बेटावर कबुतरं अंघोळीला उतरतात. मासा उथळात सरकत येतो, वरच्या मिशा ताठ करतो, अर्धं अंग काठावर झोकून कबुतर धरतो आणि मागे पाण्यात घसरतो. २०१२ साली संशोधकांनी हे नोंदवलं; २८ टक्के झडपा यशस्वी! स्तब्ध कबुतराला मात्र तो शिवत नाही, म्हणजे सारी भिस्त पाण्याच्या थरथरीवर असावी.

असा मासा गळाने आटोक्यात येईल, ही भाबडी आशा. गळवाल्याला तो मोठाच हवा असतो, म्हणून फोटो काढून परत सोडतो. २०१३ साली स्पेनने त्याला आक्रमक प्रजातींच्या यादीत घातलं. गळाच्या धंद्यावर पोट असलेल्यांची ओरड झाली आणि २०१८ साली, तो जिथे २००७ पूर्वीच पसरला होता तिथे, कायद्याने पुन्हा मासेमारीची वाट करून दिली. तोवर तो टॅगस नदीत पोचला होता, तिथून पोर्तुगालात. एब्रोचं पाणी टॅगसला मिळत नाही. मासा कुणीतरी उचलूनच नेला.