आरसा आला कुठून?

'आरसा' आणि 'आदर्श' हे शब्द रोज वापरूनही त्यांचे नाते सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. एक भिंतीवर खिळ्याला टांगलेला, दुसरा शाळेच्या बक्षीस समारंभात हमखास भेटणारा. मुळात मात्र दोन्ही एकच. 'दृश्' म्हणजे पाहणे. त्याला 'आ' हा उपसर्ग लागून संस्कृतात 'आदर्श' झाला. लोकांच्या तोंडी त्यातला 'द' झिजला, जोडाक्षर सुटले आणि प्राकृतात 'आयरिस' असे रूप आले. ज्ञानेश्वरीत भेटतो तो 'आरिसा'. त्यातला इकारही पुढे गळून पडला आणि उरला आपला आरसा. गुजरातीतला 'अरीसो', कोकणीतला 'आरसो' आणि हिंदीतली 'आरसी' ही त्याची सख्खी भावंडे.

बृहदारण्यक उपनिषदात गार्ग्य हा अजातशत्रू राजाला सांगतो, आदर्शात जो पुरुष दिसतो त्याची मी ब्रह्म म्हणून उपासना करतो. राजाला ते पटत नाही, हा भाग वेगळा. पण इथला आदर्श म्हणजे कुणी थोर माणूस नव्हे, साधा आरसा. मग थोरपणा आला कुठून? पोथ्या हाताने उतरवण्याच्या काळात समोर ठेवलेल्या मूळ पोथीला आदर्श म्हणत. जसे तिथे, तसे इथे उमटायला हवे. आरशाकडून अनुकरणीय माणसाकडे जाणारी वाट या नमुन्याच्या अर्थावरून गेली असावी, असे मला वाटते.

अमरकोशात आदर्शाच्या जोडीला 'मुकुर' आणि 'दर्पण' आहेत. मुकुर मराठीत कवितेपुरताच राहिला. दर्पणाचे मूळ 'दृप्' धातूत, म्हणजे गर्वात. आपलेच रूप बघून माणूस फुगतो, हे शब्द घडवणाऱ्यांनी बरोबर हेरले होते! बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत वृत्तपत्र काढले, तेव्हा त्याला 'दर्पण' हेच नाव दिले. 'हाताच्या काकणाला आरसा कशाला' ही म्हणही आजकालची नाही. राजशेखराच्या 'कर्पूरमंजरी' या प्राकृत नाटकात ती काकण आणि दर्पणासह आहे, म्हणजे तिचे वय हजार वर्षांहून अधिक.

देवपूजेतल्या राजोपचारांत छत्र-चामरांबरोबर देवाला आरसा दाखवतात. बंगालमध्ये दुर्गापूजेत तर मूर्ती मातीची असल्याने पाणी तिच्यावर घालत नाहीत. समोर आरसा धरून त्यातल्या प्रतिबिंबाला महास्नान घालतात.

हे शब्द रुळले तेव्हाचा आरसा धातूचा होता. अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात शृंगार करणारी राजस्त्री रंगवली आहे. तिच्या हातात एक लहान गोल आरसा आहे, आजूबाजूला दासी उभ्या आहेत. असे आरसे काशाचे घडवत. तांब्यात कथिलाचे प्रमाण वाढवत नेले की धातूचा तांबूसपणा जाऊन तो रुपेरी होतो, पण तितकाच ठिसूळही. केरळात पंबा नदीकाठच्या आरन्मुळा गावात ही विद्या अजून जिवंत आहे. तिथल्या मिश्रणात कथिल जवळजवळ एक तृतीयांश असते. मातीच्या साच्यात पातळ चकती ओततात आणि मग दिवसेंदिवस घासतात. खरी चकाकी त्या घासण्यातूनच येते. आरन्मुळ्याच्या आरशाला बोटाचे टोक लावले तर बोट आणि प्रतिबिंब एकमेकांना भिडतात. घरच्या आरशात मधे फट दिसते, कारण प्रतिबिंब काचेच्या मागच्या लेपावर पडते.

हा लेप म्हणजे काचेच्या आरशाचे सगळे गुपित. व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावरच्या कारागिरांनी १६ व्या शतकात कथिलाच्या पत्र्यावर पारा पसरून त्यावर काच दाबायची कला नावारूपाला आणली आणि तिच्यावर भरपूर कमाईही केली. पाऱ्याच्या वाफेने कारागिरांच्या शरीराचे हाल होत. १८३५ मध्ये युस्टुस फॉन लीबिख या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने द्रावणातली चांदी थेट काचेवर बसवण्याची रीत शोधली, आणि पुढे पारा हळूहळू या धंद्यातून बाहेर पडला. आता चांदीच्या जोडीला ॲल्युमिनियमही वापरतात. मराठी माणूस मात्र डाग पडलेल्या आरशाकडे बघून आजही 'पारा उडाला' असेच म्हणतो.

क्वचित ते अक्षरशः खरेही असते. जुन्या वाड्यातला किंवा जुन्या बाजारातून आणलेला शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचा आरसा घरात असेल, तर त्याची मागची बाजू खरवडू नका आणि तो चुलीजवळ किंवा उन्हात ठेवू नका. त्या लेपात पारा असू शकतो, आणि तो विषारी असतो.